देखावा आणि प्रवासी

बुधवार पेठेत ‘देखावा’ हा शब्द भाद्रपदात सर्वाधिक ऐकू येतो. मानाचा दुसरा तांबडी जोगेश्वरीचा आणि मानाचा चौथा तुळशीबागेचा, हे दोन्ही गणपती याच पेठेतले. दगडूशेठ हलवाई गणपतीही येथलाच. लाकूड, कापड आणि दिवे यांतून उभारलेले एखादे मंदिर उत्सवापुरते रस्त्यावर उभे राहते आणि मग उतरवले जाते. तो देखावा. डोंगर, सरोवर, धुके हाही देखावाच. आणि एखाद्याचे वागणे वरपांगी असेल, तर तेही देखावाच. युरोपविषयक प्रवासवर्णने शिकवताना या एका शब्दातील तीन अर्थ आम्हांला वारंवार आठवतात.

निमित्त साधे होते. आमच्या पदव्युत्तर वर्गातील एक विद्यार्थिनी आप्तांसोबत स्वित्झर्लंडला जाऊन आली. सोबत शेकडो छायाचित्रे आणि प्रवासवर्णनाच्या स्वाध्यायासाठी लिहिलेले एक पान. त्या पानावरचे मुख्य विधान असे, की हे सौंदर्य शब्दांत मांडता येत नाही. गुण कापणे सोपे होते. परंतु ही असमर्थता तिची एकटीची, की तिला काही इतिहास आहे, हा प्रश्न आम्हांला पडला.

इतिहास आहे, आणि तो कॅमेऱ्यापूर्वीचा आहे. अठराव्या शतकातील इंग्रज प्रवासी निसर्ग पाहायला निघताना एक लहान, गडद रंगाचा बहिर्गोल आरसा जवळ बाळगत. क्लॉड लॉरेन या चित्रकाराच्या नावाने तो ओळखला जाई. दृश्याकडे पाठ करायची, आरसा समोर धरायचा आणि त्यात चित्रासारखा दिसणारा देखावा न्याहाळायचा. कवी टॉमस ग्रे यानेही १७६९ साली उत्तर इंग्लंडमधील सरोवरांच्या प्रदेशात असा आरसा वापरला होता. आज कड्यावर उभे राहून, दरीकडे पाठ करून स्वतःचे छायाचित्र टिपणारा प्रवासी याच परंपरेचा वारस होय.

पुढे १८३३ साली विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट इटलीतील कोमो सरोवराकाठी चित्र काढू लागला. मदतीला ‘कॅमेरा ल्युसिडा’ हे उपकरण होते, तरी रेषा साधेना. निसर्गाने आपली प्रतिमा कागदावर स्वतःच उमटवली तर, ही कल्पना त्याला या अपयशातून सुचली. १८३९ साली त्याने आपली पद्धत जाहीर केली. छायाचित्रणाचा एक उगम असा एका प्रवाशाच्या ‘मला हे मांडता येत नाही’ या कबुलीत आहे. आमच्या विद्यार्थिनीचे वाक्य त्यामुळे आम्हांला निराळे वाटू लागले. टॅलबटने त्या अपयशापाशी काम सुरू केले. आपण मात्र तेथे थांबतो.

मराठीत पंडिता रमाबाईंचा ‘इंग्लंडचा प्रवास’ १८८३ साली पत्ररूपाने आला. वाचकाने तो मुलूख पाहिलेला नाही, हे धरूनच असे लेखन होते. सगळा भार शब्दांवर. अनंत काणेकरांच्या ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (१९४०) या पुस्तकाच्या शीर्षकातच हवामानाचे राजकारण होते: धुके इंग्लंडचे, तारा सोव्हिएत रशियाचा. धुक्याचे छायाचित्र काढता येते, पण त्याचा असा अर्थ भिंगाला दिसत नाही. पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’त (१९६०) शि. द. फडणीस यांची रेखाचित्रे आहेत. तेथे देखाव्याइतकाच तो पाहणारा, बावरलेला, हसणारा प्रवासीही महत्त्वाचा ठरतो.

या सर्वांहून वेगळी कथा दादासाहेब फाळक्यांची. ते स्वतः छायाचित्रकार. १९१२ साली ते लंडनला गेले आणि परतताना विल्यमसन कंपनीचा चलच्चित्र-कॅमेरा विकत घेतला. त्या कॅमेऱ्याने त्यांनी घरी पहिल्यांदा टिपले ते वाटाण्याच्या रोपाचे उगवणे. ‘राजा हरिश्चंद्र’ त्यानंतरचा, १९१३ सालचा. युरोपातून त्यांनी देखावा आणला नाही, पाहण्याचे साधन आणले.

अप्पा बळवंत चौकातून पुस्तके घेऊन आम्ही पेठेतून चालत येतो, तेव्हा या प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. याच पेठेच्या काही गल्ल्यांत कोणी कॅमेरा वर केला की दारातल्या स्त्रिया तोंडावर पदर ओढतात किंवा आत जातात. परक्या प्रवाशाला जे ‘वातावरण’ वाटते, ते कोणाचे तरी राहते घर आणि पोटापाण्याची जागा असते. आल्प्सच्या छायाचित्रात हा अडसर येत नाही, कारण त्या चौकटीतून माणसे आधीच वगळलेली असतात. कुरणाचा धनी, गवत कापणारा मजूर, आगगाडीतला तिकीट तपासनीस यांपैकी कोणीही तेथे नसतो. केवळ सुंदर तेवढेच टिपले की देखाव्याचा तिसरा अर्थ पहिल्या दोहोंत शिरतो.

छायाचित्रे काढू नयेत, असे आमचे म्हणणे नाही. तीही पुरावाच असतात. आम्ही त्या विद्यार्थिनीला पान परत दिले आणि एवढेच विचारले: चौकटीच्या बाहेर काय होते? तिने नव्याने लिहिले. डोंगराचे वर्णन दोन ओळींत संपले. उरलेल्या तीन पानांत पाळण्याच्या गाडीत भीतीने तिचा हात घट्ट धरून बसलेली तिची आजी होती. त्या आजीचे छायाचित्र शेकड्यांत एकही नव्हते.