'इन' म्हणजे 'मध्ये', आणि इतर गैरसमज

सहावीत असताना इंग्रजीच्या पेपरात मी एक वाक्य लिहिलं होतं : 'माय फादर इज गोइंग इन द फार्म.' सरांनी 'इन'वर लाल रेघ मारली, वर 'टू' लिहिलं आणि ते वाक्य वर्गात वाचून दाखवलं. सगळे हसले. मीही हसलो, कारण न हसणं जास्त लाजिरवाणं होतं. पण मी काय चुकलो ते कळलं नव्हतं. आमच्या वणीकडे माणूस वावरात जातो, 'वावराला' जात नाही. आणि 'इन' म्हणजे 'मध्ये, आत', हे त्याच सरांनी फळ्यावर लिहून दिलं होतं.

ती यादी तुमच्याही वहीत असेल. इन म्हणजे मध्ये, ऑन म्हणजे वर, टू म्हणजे ला, फॉर म्हणजे साठी. पाठ करायला सोपी, वापरायला गेलं की दगा देणारी. आपण 'सोमवारी', 'सकाळी' आणि 'पाच वाजता' म्हणतो. इंग्रजीत त्याला अनुक्रमे ऑन, इन आणि ॲट लागतं. मराठीत यातल्या एकाही ठिकाणी ना 'वर' आहे, ना 'मध्ये'.

मग ही यादी आली कुठून?

दोन साचे, एक भाषा

आपल्या भाषांची छापील व्याकरणं आधी परक्यांनी लिहिली. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात राहिला. त्याने कोकणीचं व्याकरण पोर्तुगीजमध्ये लिहिलं, ते त्याच्या मृत्यूनंतर 1640 साली रायतूरला छापलं गेलं. विल्यम केरीचं मराठी व्याकरण 1805 साली बंगालमधल्या सेरामपूरहून निघालं. या लोकांना मराठी किंवा कोकणी शिकायची होती, म्हणून त्यांनी आपल्या ओळखीच्या खणांत आपले शब्द बसवले. यात वाईट काही नाही. नवी भाषा शिकताना आपणही तेच करतो.

1836 साली मुंबईत दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' आलं. तेव्हा ते अवघे बावीस वर्षांचे होते. त्यांच्यापुढे दोन साचे होते. एक संस्कृतचा, त्यात विभक्त्या. दुसरा इंग्रजीचा, त्यात शब्दांच्या आठ जाती. मराठी या दोन्हींत पुरती मावत नव्हती. तरी मराठी मुलांना मराठीतून व्याकरण मिळालं, हे काम लहान नव्हतं.

पण दोन साच्यांमधली फट अजून आपल्या शाळेत दिसते. 'घरात' आणि 'घरामध्ये' यांत अर्थाचा फरक किती? जवळजवळ नाही. पण 'घरात'मधला 'त' हा सप्तमीचा प्रत्यय, आणि 'घरामध्ये'मधलं 'मध्ये' हे शब्दयोगी अव्यय. एकच काम करणारी दोन भावंडं वेगवेगळ्या धड्यांत गेली : एक संस्कृतच्या खणात, दुसरं इंग्रजीच्या. इंग्रजीच्या तासाला आपण 'प्रिपोझिशन म्हणजे शब्दयोगी अव्यय' असं शिकतो आणि त्या जोडीत 'त', 'ला', 'ने', 'चा' बसतच नाहीत. ते विभक्तीच्या धड्यात राहिलेले असतात.

पुढे 1847 साली मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश आला. शब्दकोश एका शब्दापुढे अनेक प्रतिशब्द देतो. वर्गातल्या फळ्यापर्यंत येताना बहुधा त्यातला एकच उरतो.

फ्रेंचमध्ये मी पास झालो असतो

इंग्रजी आणि फ्रेंच शेजारी. मध्ये फक्त एक खाडी. कित्येक शतकांची देवाणघेवाण. इंग्रजीतला 'अक्रॉस' हा शब्दसुद्धा जुन्या फ्रेंचमधल्या क्रॉसच्या शब्दावरून आलेला. तरी इंग्रजीचं 'इन' फ्रेंचमध्ये न्यायचं तर एका शब्दाने भागत नाही. पॅरिसमध्ये म्हणायचं तर 'आ', फ्रान्समध्ये म्हणायचं तर 'आँ', जपानमध्ये म्हणायचं तर 'ओ', आणि घराच्या आत म्हणायचं तर 'दाँ'. उलट इंग्रज 'वेट फॉर द बस' म्हणतो तिथे फ्रेंच माणूस 'फॉर'साठी काहीच वापरत नाही. बस हे त्याच्या क्रियापदाचं सरळ कर्म. आपण 'बसची' वाट पाहतो. एकच बस, पण तीन भाषांच्या तीन तऱ्हा.

आता गंमत पाहा. 'मी फ्रान्समध्ये आहे' आणि 'मी फ्रान्सला जातो' ही दोन्ही वाक्यं फ्रेंचमध्ये एकाच 'आँ'वर भागतात. कुठे आहे आणि कुठे चाललो, यात तो शब्द फरक करत नाही. 'मी वावरात आहे' आणि 'मी वावरात जातो' यांतला आपला 'त' अगदी हेच करतो. इंग्रजी मात्र इथे दोन खण पाडते : असण्याला 'इन', जाण्याला 'टू'. सहावीतलं माझं वाक्य इंग्रजीत चूकच होतं. पण ते अडाणीपणाने झालेलं नव्हतं. मी माझ्या भाषेचा नियम इमानाने पाळला होता.

फ्रेंचमध्ये आणखी एक शब्द आहे, 'शे'. 'शे मुआ' म्हणजे माझ्या घरी, आमच्याकडे. लॅटिनमधल्या घराच्या शब्दापासून, 'कासा'पासून, तो झिजत झिजत आला. आपले शब्द असेच झिजलेले आहेत. 'पाशी'मध्ये संस्कृत 'पार्श्व' म्हणजे बाजू आहे, 'वर'मध्ये 'उपरि' आहे, 'कडे'मध्ये 'कड' तर उघडच दिसते. ही चिमुकली अव्ययं एकेकाळची भरभक्कम नामं आणि क्रियाविशेषणं आहेत.

मराठीच्या या झिजेचा मोठा इतिहास एका फ्रेंच माणसाने लिहिला आहे. झ्यूल ब्लॉक यांचा ग्रंथ 1920 साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो 1941 साली मराठीत आणला, 'मराठी भाषेचा विकास' या नावाने. नावातच अनुवादाची कसरत आहे. मूळ नावातलं फ्रेंच 'द' आणि इंग्रजीतलं 'ऑफ' पुढे काहीही आलं तरी लिंग विचारत नाहीत. आपला 'चा' विचारतो : भाषेचा विकास, भाषेची घडण, भाषेचे रूप.

आपल्या पोडावरची भाषा

यवतमाळ जिल्ह्याचं नाव 1905 पर्यंत वणी जिल्हा होतं. त्याच सुमाराला ग्रियर्सनची भारतीय भाषांची पाहणी चालू होती. भाषा कळावी म्हणून ठिकठिकाणी एकच गोष्ट भाषांतर करून घेतली जाई : बायबलमधली, घर सोडून गेलेल्या आणि परतलेल्या मुलाची. 1905 च्या मराठीच्या खंडात वऱ्हाडी आली, 1906 च्या खंडात कोलामी. गोष्टीतल्या बापाला दोन मुलगे असतात. इंग्रजीत तिथे 'हॅड' पुरतं, प्रिपोझिशन लागत नाही. आपल्याला 'ला' लागतो, वऱ्हाडीत तोच 'ले' होतो : एका मानसाले दोन पोरं होते.

केळापूर, मारेगाव, झरी-जामणीकडच्या पोडांवर बोलली जाणारी कोलामी द्राविडी कुळातली. मराठी आणि फ्रेंच मात्र दूरच्या का होईना, एकाच कुळातल्या. तरी नाम आधी आणि नातं सांगणारा तुकडा मागून, ही मराठीची सवय कोलामीसारखी आहे, फ्रेंचसारखी नाही. 1956 साली मरे एमेनो यांनी भारत हे एक भाषिक क्षेत्र आहे, असं मांडलं. वेगळ्या कुळांतल्या भाषा शेजारी नांदून एकमेकींच्या सवयी उचलतात. या एमेनोंनी त्याआधी वर्ध्याकडच्या कोलामीचा अभ्यास केला होता.

पोडावरचं लेकरू घरी कोलामी बोलतं, शाळेत मराठी शिकतं, मग इंग्रजी. त्याच्या वहीत लाल रेघा माझ्यापेक्षा जास्त असणार. त्या प्रत्येक रेघेखाली एखाद्या भाषेचा नियम असू शकतो, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं. 'इथे इंग्रजी टू वापरते' एवढं सांगितलं तरी पुरे. चूक दुरुस्त होते आणि पोरगं हसण्यावारी जात नाही.

परवा भाचीच्या वहीत तेच वाक्य दिसलं. तिची आई 'इन मार्केट' चालली होती. मी 'टू' लिहिलं. मग तिला शेजारी बसवून विचारलं, "आपण बाजारात जातो की बाजाराला?"