विलायतेच्या विद्येचा करारनामा



आमच्यासारख्या माणसाने ह्या व्यासपीठावर विद्येविषयी बोलावे, ह्याचे आम्हांलाच थोडे हसू येते. वडील गिरणीत साच्यावर होते, आमची शाळा नववीत सुटली, आणि पुढचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत व वाचनालयाच्या बाकावर. मात्र तीस वर्षांत एक गोष्ट आम्हांला बरी साधली आहे. ती म्हणजे करारनामा वाचणे. मालकाचा वकील ज्या कलमावरून भरभर पुढे जातो त्या कलमावर बोट ठेवून बसायचे, ही आमची सारी विद्वत्ता.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात यंत्रमागावर टॉवेल विणणारे आमचे एक सभासद कचेरीत आले. हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले कागद. म्हणाले, "अण्णा, पोरीचं काम झालंय. परदेशात शिकाया बोलावलंय, पैसं बी मंजूर झालंय. पण ह्यो कागद काय म्हणतोय, बघा जरा." आम्ही पाहिले. अभ्यास अर्धवट सोडल्यास सर्व रक्कम व्याजासह परत. मुदतीत परत न आल्यास तेच. आणि दोन जामीनदार, दोघांच्याही नावावर स्थावर मिळकत हवी. हे गृहस्थ भाड्याच्या खोलीत राहणारे. पहिला हप्ता मुलगी तिकडे पोहोचल्यावर मिळणार, म्हणजे तिकिटाचे पैसे आधी कोणाकडून तरी उसने आणायचे. पाच पानांचा तो कागद आम्ही तीनदा वाचला. मुलीने काय काय करायचे ते सर्व त्यात होते. पैसा वेळेवर आला नाही तर तिने कोणाच्या दारात उभे राहायचे, एवढे मात्र नव्हते.

तेव्हापासून आम्हांला एक छंद लागला. थोरामोठ्यांची चरित्रे आम्ही पूर्वीही वाचत होतो. आता वाचताना एवढेच पाहू लागलो, की हा मनुष्य समुद्रापलीकडे गेला तो कोणाच्या पैशावर, आणि कोणत्या अटीवर? चरित्रकार ह्या विषयावरून घाईने पुढे जातात. "शिष्यवृत्ती मिळाली" असे दोन शब्द लिहिले की पुढच्या ओळीत बोट लंडनला लागलेली असते.

आनंदीबाई जोश्यांपासून सुरुवात करू. त्यांच्या वेळी आपल्याकडच्या स्त्रीने भरावा असा अर्जच नव्हता. गोपाळराव जोश्यांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले, की पत्नीला शिकवायचे आहे, मदत होईल काय? मिशनऱ्यांनी पत्र आणि आपले उत्तर दोन्ही आपल्या मासिकात छापले. उत्तराचा सरळ अर्थ असा, की ख्रिस्ती व्हा, मग पाहू. म्हणजे आमच्या माहितीतल्या अगदी पहिल्या अर्जालाच अट चिकटली होती! ती जोशी दांपत्याने मानली नाही. पण १८८० साली न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाई दाताच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असता त्यांच्या हाती ते मासिक पडले, आणि त्यांनी अटीवाचून मदतीचा हात पुढे केला. एप्रिल १८८३ मध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून निघाल्या. मार्च १८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून एम. डी. झाल्या, आणि कोल्हापूर संस्थानने त्यांना आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात जागा देऊ केली. ती जागा त्यांना सांभाळता आली नाही. फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्या वारल्या. वय पुरते बावीसही नव्हते.

पुढे ५ वर्षांनी, १८९२ साली, जमशेटजी टाटांनी परदेशी शिक्षणासाठी निधी काढला. जमशेटजी गिरणीमालक, आणि आम्ही गिरणीकामगाराच्या घरातले. तेव्हा त्यांची स्तुती आमच्या तोंडून सहज निघणार नाही. पण ह्या निधीचा बेत हुशारीचा होता हे कबूल केले पाहिजे. पैसा दान म्हणून नव्हे, कर्ज म्हणून द्यायचा. शिकून आलेल्याने तो फेडायचा, म्हणजे तोच पैसा पुढच्याला जातो. आमच्या कामगार पतपेढीचा हिशेब ह्याहून निराळा नाही. आरंभी हा निधी फक्त पारशी विद्यार्थ्यांसाठी राहणार होता, लवकरच तो सर्वांना खुला झाला. पहिल्या मानकरी दोघी डॉक्टर स्त्रियाच: फ्रेनी कामा आणि कृष्णाबाई केळवकर. ह्या कृष्णाबाईंनी पुढे काम केले ते कोल्हापूरच्या त्याच आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात. पुढे १९४५ साली केरळातल्या एका गरीब दलित घरातले के. आर. नारायणन ह्याच निधीच्या बळावर लंडनला गेले; १९९७ साली ते राष्ट्रपती झाले. कर्जाला एक मोठा गुण आहे: ते फेडले की मनुष्य मोकळा होतो. पण ते घ्यायला छातीही लागते, आणि ज्याच्या घरी आधीच सावकार येऊन बसला आहे त्याची छाती होत नाही.

ह्याच्या अगदी उलट प्रकार लंडनमध्ये श्यामजी कृष्णवर्म्यांनी १९०५ च्या सुमारास केला. त्यांनी हिंदी तरुणांना शिष्यवृत्त्या जाहीर केल्या, आणि अट घातली, की परत गेल्यावर ब्रिटिश सरकारची नोकरी करायची नाही. पॅरिसचे सरदारसिंग राणा ह्यांनीही दोन दोन हजार रुपयांच्या शिष्यवृत्त्या दिल्या. त्यांतली शिवाजीच्या नावाची, टिळकांच्या शिफारशीने, १९०६ साली विनायक दामोदर सावरकरांना मिळाली. ती पुरणारी नव्हतीच. बाकीचा भार सासऱ्यांनी उचलला. सासऱ्यांची शिष्यवृत्ती हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे, पण तो आज नको. आपल्याकडे म्हणतात, ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. श्यामजींनी निदान टाळी कोणाची वाजवायची नाही एवढेच सांगितले होते.

आता ज्या करारासाठी हा सगळा खटाटोप केला त्याकडे येऊ.

४ जून १९१३ रोजी बडोद्यात एक करार झाला. एका बाजूस बडोदे संस्थानचे विद्याखाते, दुसऱ्या बाजूस बावीस वर्षांचे भीमराव रामजी आंबेडकर. वडील त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत वारलेले, घरी बायको आणि मोठे कुटुंब. संस्थानने दरमहा साडेअकरा पौंड तीन वर्षे द्यायचे; विद्यार्थ्याने न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ठरलेले विषय शिकायचे, आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची. पंधरा रुपयांना एक पौंड हा त्या वेळचा भाव धरला तर महिन्याला १७२ रुपये ८ आणे होतात. त्यातून फी, भाडे, जेवण, पुस्तके, आणि घरी पाठवायचे तेही त्यातूनच.

सयाजीराव महाराजांविषयी आम्ही वावगा शब्द काढणार नाही. १९०६ साली ज्याने आपल्या सबंध राज्यात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले, अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या, तो राजा दानत नसलेला नव्हता. प्रश्न दानतीचा नाही, कलमांचा आहे. तीन वर्षे तीन दरमहा शिस्तीत ठरली. पण अभ्यास काही पगारपत्रकाप्रमाणे महिनाअखेर संपत नाही. १९१५ साली एम. ए. झाले, दुसरा प्रबंध लिहून झाला, १९१६ साली भीमराव लंडनला आले, अर्थशास्त्राच्या शाळेत आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये दाखल झाले. मुदत वर्षभर वाढवून मिळाली. त्यापुढे मिळेना. १९१७ साली दिवाणांकडून बोलावणे आले, आणि प्रबंध अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. विद्यापीठाने मात्र चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची सवलत दिली. सवलत दिली ती पैसे देणाऱ्याने नव्हे, शिकविणाऱ्याने, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

महायुद्ध चालू होते. स्वतः एका बोटीने आले. सामान दुसऱ्या बोटीने निघाले होते, ती बोट बुडविली गेली. पोटाला चिमटा घेऊन जमविलेली पुस्तके समुद्रात गेली. सामानाची भरपाई म्हणून ६०० रुपये मिळाले. बडोद्याला जायला खिशात पैसे नव्हते, ते ह्या रकमेतून निघाले. बुडालेल्या पुस्तकांच्या किमतीवर मनुष्य करार पाळायला निघाला होता!

पुढची हकीकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. बडोद्यात हिंदू खाणावळ त्यांना घेईना. एका पारशी धर्मशाळेत दीड रुपया रोजाने, पारशी नाव नोंदवून, ते एका ओसाड माळ्यावर राहिले. संस्थानच्या बंगल्यासाठी अर्ज केला, निर्णय लागेना. अकराव्या दिवशी सकाळी लाठ्या घेतलेले डझनभर पारशी जिन्यावरून वर आले. आठ तासांची मुदत मागून घेतली. दोन स्नेही होते, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघांनीही सबबी सांगितल्या. मग सामान बाहेर ठेवून कामाठी बागेत एका झाडाखाली बसले, आणि रात्रीच्या गाडीने मुंबईस निघून गेले.

चरित्रांत त्या कराराच्या ज्या अटी येतात त्यांत दहा वर्षांच्या नोकरीची अट आहे. राहायच्या जागेचे नाव नाही. विद्यार्थ्याने सेवा द्यायची हे पक्के लिहिलेले. पण त्या सेवेसाठी त्या शहरात त्याला रात्री पाठ टेकायला जागा कोण देणार, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असूनही कोणी लिहिले नाही. गिरणीच्या कराराविषयी आम्ही हेच म्हणत आलो. पाळी, हजेरी, दंड सगळे छापलेले असते. पिण्याचे पाणी कुठे, ते विचारावे लागते.

राहिलेला अभ्यास त्यांनी आपल्या हिमतीवर पुरा केला. सिडनहॅम महाविद्यालयातल्या प्राध्यापकीतून शिल्लक टाकली, शाहू छत्रपतींनी मदत केली, नवल भथेना ह्या मित्राने ५,००० रुपये उसने दिले. भथेना पारशी होते. लाठ्या घेऊन आलेलेही पारशी होते. म्हणून एखाद्या जमातीचा हिशेब एका ओळीत मांडू नये. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले, आणि १९२३ साली डी. एस्सी. झाले. १९२५ साली प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, तो त्यांनी सयाजीरावांना, शिक्षणास केलेल्या साहाय्याबद्दल, अर्पण केला. दहा वर्षांची नोकरी झाली नाही ती नाहीच.

आम्हां कामगारांना खरी गोडी ह्याच्या पुढच्या भागाची. १९४२ साली हेच गृहस्थ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. कामगारांसाठी त्यांनी काय केले ते आम्ही दर १ मे रोजी सांगतोच. पण त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारपुढे ठेवले, आणि त्यात शिक्षणासाठी सरकारी पैसा मागितला. मॅट्रिकनंतरच्या शिक्षणाची केंद्र सरकारची शिष्यवृत्ती १९४४ पासून सुरू झाली. परदेशी शिक्षणाची १९५४-५५ मध्ये आली, आणि महाराष्ट्र सरकारची शाहू महाराजांच्या नावाची २००३ मध्ये. आपणांस जे एका राजाच्या मर्जीने मिळाले, ते पुढच्यांना अंदाजपत्रकातून मिळावे, अशी ही खटपट. मर्जीला नकार मिळाला तर घरी जायचे. अंदाजपत्रकातला पैसा अडला तर मोर्चा काढता येतो. आम्ही काढलेले आहेत.

एका थैलीची गोष्ट राहिली, आणि ती आपल्या सोलापूरची आहे. १९३८ साली जपानच्या आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनने डॉक्टर मागितले. काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबू. त्यांनी आवाहन केले, जुलैत देशभर चीन दिन पाळले गेले, आणि सुमारे २२,००० रुपये व रुग्णवाहिका उभी राहिली. १ सप्टेंबरला पाच डॉक्टर मुंबईहून 'राजपुताना' बोटीने निघाले. अटल, चोळकर, बसू, मुखर्जी, आणि पाचवे आपले द्वारकानाथ कोटणीस. भैय्या चौकातले त्यांचे घर येथे कोणाला दाखवायला नको. बाकीचे चौघे यथावकाश परत आले. कोटणीस राहिले, तेथल्या बेथून इस्पितळाचे प्रमुख झाले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी बत्तिसाव्या वर्षी तेथेच वारले. वर्गणीच्या पैशावर गेलेल्या ह्या माणसाला दहा वर्षांची अट कोणी घातली नव्हती, आणि त्यांच्यामागे जामीनदारही नव्हता.

आमच्या सभासदाच्या मुलीला मात्र दोन जामीनदार हवेच होते. पहिले झाले तिच्या शाळेचे निवृत्त मास्तर. दुसऱ्यासाठी आठ दिवस फिरलो; ज्यांच्याकडे मिळकत होती त्यांच्याकडे सबब होती. शेवटी आमच्याच घराचा उतारा जोडला. त्या रात्री घरात आम्ही तो करारनामा मोठ्याने वाचून दाखविला. मंडळींनी सगळी कलमे ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "पैसे फेडायचं राहू दे. पोरगी तिथं उतरल्यावर पहिल्या रात्री झोपणार कुठं, ते लिहिलंय का त्यात?"

लिहिलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्या मुलीला घेऊन बसलो आणि विद्यापीठाला पत्र पाठविले. वसतिगृहात खोली ठेवल्याचे उत्तर ऑगस्टात आले, मगच तिकीट काढले.