मोटारीचा श्वास

मोटारीचें एंजिन पेट्रोलवर चालतें असें आपण म्हणतों. पण तें अर्धेंच सत्य आहे. एक शेर पेट्रोल पुरतेपणीं जळण्यास जवळजवळ पंधरा शेर हवा लागते. पेट्रोल हवें तितकें ओततां येतें. हवा मात्र सिलिंडरांत मावेल तितकीच शिरते. म्हणून एंजिनाची शक्ति वाढविण्याचा प्रश्न हा मूलतः श्वासाचा प्रश्न आहे, आणि वेगाच्या शौकिनांसाठीं बांधलेल्या मोटारींचा इतिहास हा बव्हंशीं या श्वासाचाच इतिहास होय.

दट्ट्या खालीं सरकला म्हणजे सिलिंडरांत पोकळी होते व बाहेरची हवा आपल्याच दाबानें आंत येते. हा एंजिनाचा नैसर्गिक श्वास. तो वाढवावयाचा तर मार्ग तीन. सिलिंडर मोठा करावा, एंजिन अधिक वेगानें फिरवावें, किंवा लोहार भात्यानें फुंकतो त्याप्रमाणें हवा बाहेरून कोंबावी. एंजिनाच्याच बळावर फिरणारा भाता १९२० नंतरच्या शर्यतींतील कित्येक मोटारींस असे. पण तो चालविण्यांत एंजिनाची थोडी शक्ति खर्ची पडे. स्वित्झर्लंडमधील अल्फ्रेड ब्यूखी या अभियंत्याची दृष्टि निराळी होती. एंजिनांतून बाहेर पडणारा तप्त धूर पुष्कळशी शक्ति घेऊन फुकट जातो, हें त्यानें हेरलें. त्या धुरानें एक पात्यांचें चक्र फिरवावें, व त्याच आंसावरील दुसऱ्या चक्रानें ताजी हवा दाबून सिलिंडरांत भरावी, अशी योजना त्यानें १९०५ सालीं पेटंटासाठीं मांडली. आज जिला टर्बो म्हणतात ती हीच. तिच्या मुळाशीं वेगाचा हव्यास नव्हता. वायां जाणारें वांचविण्याची काटकसर होती.

या योजनेस प्रथम आश्रय मिळाला तो मोटारींत नव्हे. १९१८ सालीं सॅनफर्ड मॉस या अमेरिकन अभियंत्यानें विमानाचें एक एंजिन चौदा हजार फुटांहून उंच अशा पाइक्स शिखरावर नेलें आणि विरळ हवेंतही टर्बोच्या साह्यानें तें पूर्ण जोमानें चालतें हें दाखविलें. पुढें जहाजांच्या डीझेल एंजिनांत तिचा चांगला जम बसला. मोटारीला मात्र ती सहजासहजीं मानवेना. कारण जहाजाचें एंजिन तासन् तास एकाच चालीनें चालतें, मोटारीची चाल क्षणोक्षणीं बदलते. चालकानें पाय दाबला तरी धूर वाढून चक्राला वेग येईपर्यंत कांहीं काळ जातो. तोंवर मोटार सुस्त, आणि मग एकाएकीं उसळी!

१९६२ सालीं अमेरिकेंत ओल्ड्समोबील जेटफायर ही टर्बोयुक्त मोटार विक्रीस आली. दाबलेली हवा तापून पेट्रोल अवेळीं पेट घेऊं नये म्हणून तिच्यांत मेथॅनॉल व शुद्ध पाणी यांचें मिश्रण वेगळें भरावें लागे. मालकांस त्याचें भान राहीना, आणि दुसऱ्याच वर्षीं तिचें उत्पादन थांबलें. १९७३ सालीं जर्मनींतील बीएमडब्ल्यू कंपनीनें दोन लिटरांच्या एंजिनांतून १७० अश्वशक्ति काढणारी ‘२००२ टर्बो’ मांडली, तों पेट्रोलची आंतरराष्ट्रीय टंचाई आली. अवघ्या १,६७२ मोटारी बांधून तो प्रयोग संपला. पोर्शे कंपनी मात्र टिकली. अतिरिक्त धूर बाजूस सोडणाऱ्या झडपेनें टर्बोला आवर घालण्याचें तंत्र तिनें शर्यतींत कमावलें होतें. त्या अनुभवावर तिनें १९७४ सालीं २६० अश्वशक्तीची ‘९११ टर्बो’ पॅरिसच्या प्रदर्शनांत मांडली.

फॉर्म्युला वन शर्यतींच्या नियमांत तीन लिटरांचें साधें एंजिन किंवा दीड लिटराचें दाबलेल्या हवेचें, अशी मुभा होती. रेनॉनें १९७७ सालीं दुसरा पर्याय घेऊन सिल्व्हरस्टोनच्या मैदानांत पाऊल टाकलें. पांढरी वाफ सोडीत बंद पडणाऱ्या त्या मोटारीला लोकांनीं ‘पिवळी चहादाणी’ म्हणून हिणविलें. पण १९७९ सालीं दिजों येथें जाबुई या चालकानें तीच फ्रेंच शर्यत जिंकली, आणि थोड्याच वर्षांत सर्वांनीं टर्बो स्वीकारला. शक्ति इतकी वाढली कीं १९८९ पासून या शर्यतींत टर्बोला बंदी झाली.

त्यानंतरचीं पंचवीस वर्षें हा नैसर्गिक श्वासाचा माध्यान्ह म्हणावा लागेल. १९९९ च्या होंडा एस-२००० मोटारीनें दोन लिटरांतून २५० अश्वशक्ति काढिली, तीही मिनिटास आठ हजारांहून अधिक फेरे घेऊन. २००९ च्या फेरारी ४५८ मोटारीचें साडेचार लिटरांचें एंजिन नऊ हजार फेऱ्यांवर ५७० अश्वशक्ति देई. २०११ ते २०१३ या तीन वर्षीं दिल्लीनजीकच्या बुद्ध मैदानावर आपल्या देशांतील प्रेक्षकांनीं जी किंकाळी ऐकली, ती याच युगाची अखेरची होती. २०१४ पासून फॉर्म्युला वननें टर्बो पुन्हा स्वीकारला.

या वेळचें कारण निराळें होतें. युरोपीय संघानें २००९ सालीं कायदा केला कीं, २०१५ पर्यंत नव्या मोटारींचें सरासरी कार्बन डायऑक्साइड किलोमीटरला १३० ग्रॅमवर आणावें. लहान कारखानदारांस सवलत होती. पण वाऱ्याची दिशा स्पष्ट होती. २०१५ सालीं फेरारीची ४८८ आली. एंजिन ३.९ लिटरांचें, अश्वशक्ति ६७०, आणि आंस पिळण्याचा जोर ५४० वरून ७६० न्यूटन-मीटर. त्याच वर्षीं पोर्शेच्या ९११ कॅरेरा एस मोटारीचें एंजिन ३.८ वरून ३ लिटरांवर उतरलें, तरी शक्ति ४०० वरून ४२० वर चढली. जुना विलंबही जवळजवळ नाहींसा झाला.

मग गमावलें तें काय? एक तर आवाज. धुराच्या लाटांतील जोर चक्रच शोषून घेतें, म्हणून कंठ दबतो. दुसरें, वेगाबरोबर पायरीपायरीनें चढत जाणारी, चालकानें कष्टानें मिळवावयाची शक्ति. ती आतां प्रारंभींच हातीं येते. आणि कायद्याच्या मापाविषयींही एक शंका घेणें अप्रस्तुत नाहीं. युरोपांतील तत्कालीन चांचणी अत्यंत सौम्य चालीची होती. ती २०१७ पासून बदलूं लागली. सौम्य चालींत लहान टर्बो-एंजिन खरोखरच मितव्ययी असतें. जोरानें हांकलें कीं त्याची तहान मोठ्या एंजिनाइतकीच होऊं शकते. वेगासाठीं घेतलेली मोटार सौम्यपणें हांकणारे किती?

तरीही ब्यूखीची मूळ दृष्टि खोटी ठरत नाहीं. त्यानें काटकसरीसाठीं कल्पिलेलें यंत्र मध्यंतरीं दिमाखासाठीं राबलें आणि अखेर काटकसरीच्याच नांवानें परत आलें. २०२४ सालीं पोर्शेनें टर्बोच्या आंसावर विजेची मोटर बसवून विलंबावर आणखी एक तोड काढिली. आणि त्याच कारखान्यानें त्याच वर्षीं नैसर्गिक श्वासाची, नऊ हजार फेऱ्यांची ९११ जीटी-३ मोटारही सुधारून पुन्हा मांडली. जें गरजेंतून सुटलें, तें आवडीनें राखलें गेलें. आगगाडी आल्यावर घोड्याचें असेंच झालें होतें.