चार वाजून सहा मिनिटं

आजचा एपिसोड खरं तर आमच्या घरच्या मुंबई ट्रिपचा होता. आई, बाबा, धाकटी बहीण आणि ८५ वर्षांची आजी. गेटवे, बोट, भेळ, संध्याकाळी घरी, असा साधा प्लॅन.

गेटवेला नेहमीचे फोटो झाले. १९१३ साली पायाभरणी, १९२४ ला उद्घाटन, आणि १९४८ च्या फेब्रुवारीत शेवटची ब्रिटिश तुकडी इथूनच गेली, ही माहिती मी बहिणीला सांगत होतो. आजी गप्प होती. मग म्हणाली, "हे राहू दे रे. मला गोदीकडं ने."

का, ते आम्हाला माहीत होतं, पण घरात कुणी कधी नीट बोललं नव्हतं. आजीचे वडील, म्हणजे माझे पणजोबा, गोदीत हमाल होते. आजी चार वर्षांची असताना एका शुक्रवारी ते कामावर गेले आणि परत आले नाहीत.

तो दिवस होता १४ एप्रिल १९४४. महायुद्ध चालू होतं. 'फोर्ट स्टिकिन' नावाचं जहाज इंग्लंडहून कराचीमार्गे दोन दिवस आधी मुंबईत आलं होतं आणि व्हिक्टोरिया गोदीत उभं होतं. पोटात साधारण १४०० टन स्फोटकं, आणि त्यांच्या सोबतीला कराचीत भरलेल्या कापसाच्या हजारो गाठी. कापूस आणि दारूगोळा एकत्र! पण युद्धाच्या घाईत जागा मिळेल तिथं माल भरला जात होता.

दुपारी दोनच्या सुमारास आग लक्षात आली. बंबवाल्यांनी आत ९०० टनांहून जास्त पाणी सोडलं, पण आग नेमकी कुठं आहे तेच सापडेना. गाठींच्या आत कापूस धुमसत होता आणि वरचं पाणी उकळायला लागलं होतं. ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडायचा हुकूम निघाला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. हादरा पार सिमल्याच्या भूकंपमापकावर नोंदला गेला. आजूबाजूची जहाजं बुडाली, गोदामं आणि जवळची वस्ती पेटली. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. आजही १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात, तो त्यांच्याच आठवणीत.

आता खरी गोष्ट ऐका. त्याच जहाजावर सोनंही होतं. ३१ पेट्या, प्रत्येकीत चार विटा, म्हणजे एकूण १२४. त्यांचा हिशेब पक्का आहे. गोदीच्या गाळात त्या विटा पुढं कित्येक वर्षं सापडत राहिल्या, अगदी २०११ सालातसुद्धा. आणि माणसं? कुठं आकडा ८०० आहे, कुठं १३००. मी दिवसभर डेटाबेसशी खेळणारा माणूस. एवढी तफावत दिसली की मी म्हणतो, एंट्रीच झालेली नाही. रोजंदारीवरच्या हमालाची नोंद ठेवणार तरी कोण?

टॅक्सी पी. डिमेलो रोडनं गोदीच्या भिंतीला लागून चालली होती. आत सहज जाता येत नाही, आणि गेलो असतो तरी व्हिक्टोरिया गोदी आता भरणी घालून बुजवली आहे. आजीनं काच खाली करायला सांगितली. दोन मिनिटं ती भिंतीकडं बघत राहिली. बाबा म्हणाले, "आई, उतरायचं का?" ती म्हणाली, "नको. माझी आई रोज इथं यायची म्हणे, विचारायला. महिनाभर. मला बघायचं होतं, किती लांब आहे ते."

मशीद बंदरची त्यांची खोली तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर.

मी आजीला पणजोबांचं पूर्ण नाव आणि गाव विचारलं, आणि गाडीतच मोबाइलवर लिहून घेतलं. आमच्या घरात ते पहिल्यांदाच कुठं तरी लिहिलं गेलं.

तर मंडळी, तुमच्या घरात कुणी गोदीत, गिरणीत, रेल्वेत कामाला होतं का? आजी-आजोबा आहेत तोवर नाव, गाव आणि साल विचारून घ्या. आजच विचारा. भेटू पुढच्या एपिसोडला!