खिशातला लाकडी ठोकळा

आपल्यापैकी अनेकांच्या शर्टाच्या खिशात एके काळी 'पायलट' असे. त्याची गोष्ट सुरू होते एका लाकडी ठोकळ्यापासून.

ऑगस्ट १९९३ मध्ये ॲपलने 'न्यूटन' बाजारात आणला. आपण आपल्या अक्षरात लिहायचे, ओळखायचे यंत्राने. यंत्र भलतेच वाची. 'डून्सबरी' या व्यंगचित्रमालिकेने त्याच महिन्यात त्याची टर उडवली. किंमत ७०० डॉलर, आणि खिशात मावायचा नाही तो नाहीच. १९९८ मध्ये तो बंद झाला.

'पाम'च्या जेफ हॉकिन्सने आधी खिशाच्या मापाचा ठोकळा कापला. तो घेऊन हिंडे, बैठकीत काढून त्यावर लिहिल्याचे नाटक करी. अक्षरओळखीचा प्रश्नही त्याने उलटा सोडवला: यंत्राला जमत नाही ना, मग माणसाने थोडे शिकावे! त्याच्या 'ग्राफिटी' लिपीत जवळजवळ प्रत्येक अक्षर एका रेघेत. इंग्रजी 'ए' म्हणजे मधली दांडी गाळलेले नुसते छप्पर. माझ्या वाणसामानाच्या यादीत तो अजून तसाच येतो.

मार्च १९९६ मध्ये 'पायलट १०००' आला. स्मृती १२८ केबी, दोन छोटे सेल, किंमत ३०० डॉलरच्या आत. पाळण्यात ठेवून बटण दाबले की सगळे संगणकावर उतरे. सेल बदलताना मात्र घाई हवी. मिनिटाहून उशीर झाला तर स्मृती पुसली जाण्याची भीती.

एका सुट्टीत दादरला जुने सेल काढून मी नवे आणायला खाली उतरलो. परत आलो तर पत्ते गायब. बटण दोन वर्षांत दाबलेलेच नव्हते! आईने कपाटातली वही काढली. मी ग्राफिटीत पुन्हा उतरवायला बसलो.