‘त्यांच्या घराण्यातच आहे’ : एका समजुतीचा इतिहास

आजचा विषय वैद्यकाचा आहे आणि आम्ही आयुष्यभर शिकवलं ते तत्त्वज्ञान. तरी हा विषय आम्ही मुद्दाम घेतला. आपल्याकडे एक वाक्य फार सहज बोललं जातं : ‘त्यांच्या घराण्यातच आहे.’ बाप पंचेचाळिशीत गेला, चुलता पन्नाशीत गेला, आता थोरल्याच्या छातीत दुखतंय. कोणी शाप म्हणतं, कोणी प्रारब्ध म्हणतं, आणि बोलणं तिथंच थांबतं. काही लोक तिथं थांबले नाहीत, त्यांचा हा इतिहास.

१९३८ साली नॉर्वेतल्या ऑस्लो शहरात कार्ल म्युलर या डॉक्टरांनी काही कुटुंबांचा अभ्यास मांडला. त्या घरांत तीन गोष्टी एकत्र दिसत होत्या : टाचेच्या वर किंवा बोटांच्या सांध्यांवर गाठी, रक्तात भरमसाट कोलेस्टेरॉल आणि ऐन उमेदीत हृदयविकार. हे पिढीजात येतं, हे त्यांनी दाखवलं. पुढे १९६४ साली अवेदिस खचादुरियन यांनी लेबनॉनमधली कुटुंबं तपासली. जवळच्या नात्यात लग्नं झालेल्या घरांत आई आणि बाप, दोघांकडूनही दोष आलेली मुलं सापडत. एकाकडून दोष आला तर चाळिशी-पन्नाशीत झटका येऊ शकतो. दोघांकडून आला तर शाळकरी वयातसुद्धा. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्याला नवी नाही. तेव्हा लेबनॉन फार लांब आहे, असं समजू नये.

पण हा दोष नेमका कुठं असतो? अमेरिकेत डॅलस इथं मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी १९७३-७४ मध्ये रुग्णांच्या त्वचेच्या पेशी वाढवून त्याचा शोध लावला. त्यांचं म्हणणं समजायला आपली कुर्डुवाडी पुरे. बार्शी लाइट रेल्वे अरुंद रुळांची, मुंबईची लाइन रुंद रुळांची. म्हणून माल कुर्डुवाडीला उतरवून दुसऱ्या गाडीत भरावा लागे. समजा, हमाल निम्मेच आले. माल फलाटावर साचणार. रक्तातले एलडीएल कोलेस्टेरॉलचे कण उचलून पेशीत नेणारे असेच हमाल पेशीच्या पृष्ठभागावर असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. एका बाजूनं दोष आलेल्याकडे कामाचे हमाल निम्मे, दोन्हीकडून आलेल्याकडे जवळजवळ नाहीतच. माल रक्तात साचतो, रक्तवाहिन्यांच्या भिंतीत शिरतो. आणि आत माल पोचत नाही म्हणून पेशी टंचाई समजून स्वतःच कोलेस्टेरॉल बनवत राहते! या कामाला १९८५ साली नोबेल मिळालं.

त्याच सुमारास जपानमध्ये अकिरा एंडो हजारो बुरश्या तपासत होते. त्यांतल्या एकीत १९७३ मध्ये त्यांना पेशीतला हा कारखाना मंदावणारा पदार्थ सापडला. कारखाना मंदावला की पेशी जास्त हमाल लावते आणि रक्तातला माल उचलला जातो. आज घरोघरी ज्या स्टॅटिनच्या गोळ्या दिसतात, त्यांचा उगम हा. ज्यांच्याकडे हमालच नाहीत, त्यांना मात्र या गोळ्यांचा उपयोग फार कमी होतो.

आपल्या महाराष्ट्रातही हे काम झालं. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. टेस्टर आशावैद आणि सहकाऱ्यांनी २००० च्या सुमारास भारतीय रुग्णांमध्ये या रिसेप्टरच्या जनुकातले दोष शोधून प्रसिद्ध केले. म्हणजे हा काही गोऱ्यांचा आजार नव्हे.

आता आमच्या विषयाकडे येतो. शाप म्हटला की तो सगळ्या घरावर असतो आणि त्याला इलाज नसतो. कारण सापडलं की हिशेब मांडता येतो. एका पालकात दोष असेल तर प्रत्येक मुलात तो येण्याची शक्यता निम्मी. म्हणजे कुणाला आहे आणि कुणाला नाही, हे साध्या रक्ततपासणीपासून शोधायला लागता येतं. मोठ्या माणसाचं एलडीएल १९० च्या वर असेल तर डॉक्टरांनी घराण्याची चौकशी करायलाच हवी. जगात सुमारे अडीचशे ते तीनशे माणसांमागे एकाला हा दोष असतो. माढ्यासारख्या गावातही अशी माणसं असणारच, आणि त्यातल्या बहुतेकांना ते ठाऊक नसतं.

अडचण पुढेच आहे. पोरीचं लग्न मोडेल म्हणून घरं हे लपवतात. चुलत्याला कळतं, पुतण्याला कळत नाही. आम्हाला विचाराल तर कळलेलं कारण भावकीत न सांगणं म्हणजे हातानं प्रारब्ध लिहिणं आहे. घरातला पुरुष पंचावन्नच्या आत किंवा बाई साठीच्या आत हृदयविकारानं गेली असेल, तर तेराव्याला जमलेल्या भावंडांनी एकमेकांना एवढं तरी सांगावं : रक्त तपासून घ्या, आणि पोरांचंही तपासा.