कलकत्त्याचा शनिवार

जुन्या कुलाबा जिल्ह्यात तेल गाळणाऱ्या बेने इस्रायलांना शेजाऱ्यांनी ‘शनिवार तेली’ असे नाव दिले होते. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, हीच त्यांची ओळख. हाच शनिवार पाळणारा दुसरा एक ज्यू समाज कलकत्त्यात नांदला. पण त्याची कहाणी निराळी आहे. बेने इस्रायल मराठी बोलू लागले. कलकत्त्याचे ज्यू अरबी घेऊन आले व पुढे इंग्रजीकडे वळले. बंगालच्या भूमीशी त्यांचे खरे नाते जडले ते स्वयंपाकघरात.

१७९८ साली हलब शहराचा शालोम कोहेन हा व्यापारी सुरतेहून कलकत्त्यास आला. त्याच्यामागून बगदादची कुटुंबे आली. अफू, नीळ आणि रेशीम यांच्या व्यापारात त्यांनी संपत्ती मिळविली व ती घरे-जमिनींत गुंतविली. डेव्हिड जोसेफ एझ्रा हा त्यांतील अग्रणी. आज विजेच्या सामानाने गजबजलेला एझ्रा स्ट्रीट त्याच घराण्याचे नाव सांगतो.

तेथून जवळच पोलॉक स्ट्रीटवर १८५६ सालचे बेथ एल हे प्रार्थनामंदिर आहे, आणि कॅनिंग स्ट्रीटच्या कोपऱ्यावर १८८४ सालचे मागेन डेव्हिड. एझ्राच्या पुत्राने ते पित्याच्या स्मरणार्थ बांधले. लाल विटा, उंच मनोरा आणि त्यावर घड्याळ! पुण्याचे लाल देऊळ पाहिलेल्या माणसास ही वास्तू ओळखीची वाटावी. आसपास आर्मेनियनांचे व पोर्तुगीजांचे चर्च आणि नाखोदा मशीद. एवढ्या टापूत इतके धर्म शेजारी म्हणून राहिले.

या शेजाराचा परिणाम ताटावर झाला. ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे मांस व दूध एकत्र शिजवीत नाहीत. म्हणून मांसाच्या रश्शात दह्याऐवजी नारळाचे दूध आले. घरोघरी स्वयंपाकी बहुधा मुसलमान असत. डुकराचे मांस दोघांनाही निषिद्ध, त्यामुळे पुष्कळसे नियम त्यांना शिकवावे लागत नसत. त्यांच्याच हातून ‘आलू मकल्ला’ प्रसिद्धीस आला. नावातला आलू हिंदुस्थानचा, आणि ‘मकल्ला’ म्हणजे अरबीत तळलेला. सोललेले अख्खे बटाटे मंद आचेवर इतका वेळ तळावयाचे, की वरचे कवच कडक व्हावे आणि आतला गर मऊ राहावा.

शनिवारी चूल पेटविणे वर्ज्य. पण ऊन अन्न तर हवे! तेव्हा शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी कोंबडी व तांदूळ एका भांड्यात घालून निखाऱ्यांवर ठेवीत आणि रात्रभर मुरलेला हा ‘हमीन’ दुसऱ्या दिवशी खात. कोकणात ज्या नियमाने घाणा थांबविला, त्याच नियमाने येथे एक पक्वान्न जन्मास घातले.

येथून दक्षिणेस अर्धा-पाऊण कोस चालल्यावर न्यू मार्केट लागते. त्यात नाहूम यांची बेकरी आहे. बगदादहून आलेल्या नाहूम इस्रायल मॉर्डेकाय यांनी १९०२ मध्ये हा धंदा आरंभिला. पनीर भरलेले ‘संबुसक’ तेथे मिळतात, आणि नाताळात फळांच्या केकसाठी ख्रिस्ती व हिंदू गिऱ्हाइकांची रांग लागते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळी शहरात चार-पाच हजार ज्यू होते. १९४७ नंतर ते इंग्लंड, इस्रायल, ऑस्ट्रेलिया येथे पांगले. आज तेथे उरलेली माणसे बोटांवर मोजावी इतकी आहेत. सामुदायिक प्रार्थनेस दहा प्रौढ पुरुष लागतात; तेवढेही जमणे कठीण. मंदिरांची निगा ओडिशाची मुसलमान कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राखीत आली आहेत, आणि १८८१ साली निघालेल्या ज्यू कन्याशाळेत मुख्यतः मुसलमान मुली शिकतात.

वास्तू दुसऱ्यास सांभाळता येते, शाळा चालविता येते, केक विकत घेता येतो. हमीनचे तसे नाही. त्याची कृती कोणासही लिहून घेता येईल. परंतु शुक्रवारचा सूर्यास्त मोजणारे घर नसेल, तर ते भांडे रात्रभर निखाऱ्यांवर ठेवण्याचे प्रयोजनच उरत नाही. मागेन डेव्हिडच्या मनोऱ्याखालून जाणाऱ्या वाटसरूने डोळे वर करून वास्तू अवश्य पाहावी; आणि भोवतालच्या गल्ल्यांतून शुक्रवारच्या रात्री मंद जळणारे ते निखारे आता विझले आहेत, याचेही स्मरण ठेवावे.